खिडकीच्या दोन्ही बाजूंना मी

सोमवार, ४ मार्च

गृहपाठ! या वयात! सेहेचाळिसाव्या वर्षी मला गृहपाठ मिळाला आहे.

त्या कंपनीतून ईमेल आला तेव्हा वाटलं, चला, मुलाखतीची वेळ कळवली असणार. कसलं काय! मुलाखतीच्या आधी म्हणे 'छोटीशी असाइनमेंट'. एक साधी वेब सर्व्हिस लिहायची, एका काल्पनिक दवाखान्याच्या अपॉइंटमेंट सांभाळणारी. नोंदवा, दाखवा, बदला, रद्द करा. आणि जोडीला तिच्याशी बोलणारा कन्सोल क्लायंट. म्हणजे बटणं नाहीत, चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा, त्यावर टाइप करा, उत्तर वाचा. पुढच्या बुधवारपर्यंत पाठवा.

मग त्यांच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन. "सिंपलच आहे मॅम. फ्रेशर्स दोन दिवसांत देतात."

देतात ना! मी फ्रेशर होते तेव्हा ही मुलगी दुधाच्या दातांत असेल.

हसून "हो हो, नक्की" म्हटलं. फोन ठेवल्यावर हसू उतरलं. खरं इथे लिहायला काय हरकत आहे — शेवटची नऊ वर्षं मी टीम लीड होते. कोड लिहिला नाही, लिहून घेतला. मीटिंगा घेतल्या, तक्ते भरले, पोरांच्या रजा मंजूर केल्या. मग वरच्यांनी एका सकाळी आमचा अख्खा विभागच बंद केला. पोरांना पटापट नोकऱ्या लागल्या. मला सगळीकडून एकच उत्तर, तुमचा अनुभव फार आहे. अनुभव फार आहे! जेवणात मीठ फार झाल्यासारखं सांगतात.

ही एकच कंपनी काहीतरी कर म्हणाली. करणार.

मंगळवार, ५ मार्च

दिवस नुसता मांडामांडीत गेला. हे उतरवून घ्या, ते उतरवून घ्या, याची ही आवृत्ती त्याच्या त्या आवृत्तीशी बोलत नाही. माझ्या काळी... नको, ही भाषा सुरू झाली की संपलंच.

जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस. अर्ध्या टेबलावर लॅपटॉप, अर्ध्यावर सासूबाई आणि त्यांचे मटार. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, पण घंटा अजून डोक्यात वाजते. दहाच्या ठोक्याला समोर हजर.

"काय करायला दिलंय?"

सांगितलं सोप्या शब्दांत. आई, समजा दवाखान्यात एक खिडकी आहे. आत कारकून बसलाय, त्याच्याकडे सगळ्या वेळा लिहिलेल्या आहेत. ती माझी सर्व्हिस. बाहेर माणूस उभा राहून विचारतो, उद्या अकराची वेळ आहे का? तो माझा क्लायंट.

मटार सोलणं थांबलं. "म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना तूच बसणार?"

"हो."

"मग भांडण कोणाशी होणार?"

आज हसले. किती दिवसांनी!

बुधवार, ६ मार्च

भांडण सर्व्हिसशी झालं. सुरूच होईना. म्हणे हा दरवाजा आधीच कोणीतरी अडवलाय. कोण? तर मीच. काल सुरू केलेली आणि विसरलेली माझीच प्रत आत बसून होती. तिला शोधून बंद करण्यात दुपार गेली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "होईल गं."

होईल गं, होईल गं! काय होईल ते तरी विचार!

गुरुवार, ७ मार्च

झाली! चालू झाली! ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि माझ्या सर्व्हिसनं उत्तर दिलं. दोन खोट्या पेशंटांची यादी, व्यवस्थित कंसात बसलेली. मी टेबलावर थाप मारली. मटार उडाले. सासूबाई म्हणाल्या, "वर्गात शिस्त!"

मग क्लायंट. काळा पडदा उघडला, टाइप केलं, एंटर. कनेक्शन नाकारलं. पुन्हा. नाकारलं. तीच सर्व्हिस, तेच मशीन, ब्राउझरला उत्तर देते आणि माझ्या क्लायंटकडे ढुंकून बघत नाही! संध्याकाळी कळलं, पत्त्यात एक अक्षर जास्त लिहिलं होतं. सुरक्षित दाराचा पत्ता. माझ्या सर्व्हिसला सुरक्षित दार नाहीच. बिचारी साध्या दारात ताटकळत उभी, आणि मी भिंतीवर धडका मारतेय.

नवरा आला तेव्हा मी डोकं धरून बसले होते. तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर रक्ताच्या नळ्या बघतो. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "अगं, एखादा क्लास का नाही लावत?"

क्लास! माझ्या टीममधल्या मुलांना ज्या भाषेत कोड लिहायला मी शिकवलं, त्या भाषेचा क्लास! काय काय बोलले त्याला. तो उठून आत गेला. जेवताना म्हणाला, या रविवारीही जायचंय, काम जास्त आहे.

काम जास्त नाहीये. माझा पगार बंद झाल्यापासून तो जास्तीच्या पैशांसाठी रविवार मागून घेतो, मला माहीत आहे. त्याला वाटतं मला माहीत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

स्वल्पविराम. एक स्वल्पविराम. सबंध दिवस!

शनिवार, ९ मार्च

आज परीक्षा घेतली. परीक्षक: सासूबाई. सगळं चालत होतं म्हणून तर त्यांना बसवलं! सकाळपासून मी स्वतः दहा वेळा अपॉइंटमेंट घेतली, बदलली, रद्द केली. एकदाही अडलं नाही. म्हटलं, दुसऱ्या माणसाकडून एकदा होऊ दे.

चष्मा पुसला, खुर्ची पुढे घेतली, दोन बोटांनी टाइप करायला लागल्या. पडद्यावर विचारलं: नाव? त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. माझ्या क्लायंटनं पहिला शब्द नाव म्हणून घेतला, दुसरा तारीख म्हणून, तिसरा वेळ म्हणून. आणि पडद्यावर लाल ओळी धो धो! वरपासून खालपर्यंत लाल.

"मी काय केलं?" त्या घाबरल्या. मुख्याध्यापिका, आणि घाबरल्या!

"काही नाही आई, माझंच चुकलं." दुरुस्त केलं. पुन्हा बसवलं.

नाव? लिहिलं. जमलं. तारीख?

त्यांनी लिहिलं: परवा.

लाल.

"आई, तारीख लिहायची! आधी दिवस, मग महिना, मग साल, मध्ये आडवी रेघ!"

"ते कुठे लिहिलंय?" त्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "इथे नुसतं 'तारीख' लिहिलंय. दवाखान्यात मी परवाची वेळ द्या असंच म्हणते. तो कारकून कधी असा अंगावर येत नाही."

मी सूचना घातली, तारीख अशी अशी लिहा. त्यांनी तशी लिहिली. पंधरा मार्च, सकाळी अकरा. नोंद झाली! यादी उघडली. पंधरा मार्च, पहाटे साडेपाच. सर्व्हिस एक घड्याळ धरून चाललीय, क्लायंट दुसरं!

"पहाटे साडेपाचला कोणता डॉक्टर असतो गं?" त्यांना खरंच कुतूहल होतं. चिडवत नव्हत्या.

मी लॅपटॉप खाडकन मिटला. त्या उठून त्यांच्या खोलीत गेल्या, दार हळूच लावून घेतलं. मला रडू आलं. रडले. सर्व्हिस मला जमतेय, ते जाणवतं. आतली शिस्त, कुठली वेळ कोणाची, काय कशाच्या आधी, हे डोक्यात स्वच्छ आहे. पण ती खिडकीबाहेरची बाजू! माणूस काय विचारेल, कसं विचारेल, कुठे चुकेल, ते मला सुचतच नाही. मी सगळ्यांना माझ्यासारखंच धरून चालते.

हे ज्याला सुचायचं तो एकच. पेन्सिल.

रविवार, १० मार्च

पेन्सिलकडे जाऊन आले.

पेन्सिल म्हणजे माझ्या टीममधला सगळ्यात जुना माणूस. उंच, काटकुळा, कानावर कायम पेन्सिल, म्हणून हे नाव. खरं नाव पगाराच्या पावतीवरच. विभाग बंद झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं लॅपटॉप कोणाला तरी देऊन टाकला आणि मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायला लागला. एकही अर्ज केला नाही. कुठे मुलाखत नाही, काही नाही.

दुकानात गेले तर हा एका जोडप्याला न्हाणीघराच्या टाइल्स दाखवत होता. बाईंना निळा हवा, नवऱ्याला "जरा उजळ". हा ऐकून घेतोय, मध्येच विचारतोय, खिडकी कुठल्या बाजूला आहे? बल्ब पिवळा की पांढरा? शेवटी एक फिकट हिरवी काढली. दोघं एकदम म्हणाले, हीच! मी खोक्यांच्या आड उभी राहून बघत होते.

"लीडबाई! टाइल्स बदलताय?"

"मदत पाहिजे."

सांगितलं सगळं. तो माझ्याकडे न बघता नमुन्यांच्या टाइल्स परत रचत राहिला.

"मी सोडलं ते."

"माहितीये."

"नाही, खरंच सोडलं. हातात घ्यायची इच्छाच होत नाही. इथे बरं चाललंय माझं. माणसं येतात, फरशी घेऊन जातात, फरशी तिथेच राहते. सोमवारी येऊन कोणी म्हणत नाही की फरशी हटवा, धोरण बदललं."

मी म्हटलं, बरं. निघाले. पायरीपर्यंत पोचले असेन.

"सासूबाईंनी काय लिहिलं म्हणालीस? परवा?"

"परवा."

तो हसला. कानावरची पेन्सिल काढली. "दाखव इकडे."

खोक्यावर लॅपटॉप ठेवला. माझा क्लायंट त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला. पूर्वी मी याचं काम तपासायची!

"हा क्लायंट नाही, उलटतपासणी आहे," म्हणाला. मग, "पण सर्व्हिस चांगली लिहिलीयेस. एकदम नेटकी. हे तू लिहिलंस?"

'हे तू लिहिलंस?' म्हणे! राग येणार होता, आला नाही. कोणीतरी चांगलं म्हटलं, इतक्या महिन्यांत!

लॅपटॉप त्याच्याकडेच ठेवून आले. मेव्हणा काउंटरवरून माझ्याकडे असं बघत होता, जसं काही मी दुकान लुटून चाललेय.

सोमवार, ११ मार्च

दुपारी मुद्दाम दुकानात गेले. त्यानं लिहिलंय! गिऱ्हाइकं सांभाळता सांभाळता लिहिलंय!

मी टाइप केलं: परवा. पडद्यावर आलं — 'परवा म्हणजे बुधवार, १३ मार्च. बरोबर?' हो म्हटलं. 'किती वाजता?' मी मुद्दाम लिहिलं: सकाळी. 'सकाळी साडेनऊ आणि अकरा मोकळे आहेत. कोणती वेळ धरू?' अकरा म्हटलं. मग मी तीच वेळ दुसऱ्या नावानं मागितली. लाल ओळी नाहीत! 'अकराची वेळ आत्ताच गेली. साडेनऊ चालेल का?'

चालेल का! काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आहेत ही, आणि मला वाटलं समोर कोणीतरी चांगलं माणूस बसलंय.

आनंद झाला का? झाला. आणि जळफळाटही झाला. दोन्ही. लिहून ठेवते, इथे कोण बघतंय.

मग भांडण. त्याचा क्लायंट 'मोकळ्या वेळा' विचारतो, माझ्या सर्व्हिसला ते सांगताच येत नाही. त्यानं तात्पुरतं खोटं उत्तर बसवलंय.

"तुझ्या कारकुनाला मोकळ्या वेळा सांगायला शिकव," म्हणाला.

"असाइनमेंटमध्ये नाहीये ते!"

"माणसाला तेच विचारायचं असतं. भरलेल्या वेळा कोण विचारतो?"

"आणि एकाच वेळी दोघांनी अकरा मागितले तर? दोघांनाही तू मोकळं म्हणून सांगणार!"

तो म्हणाला, "ते तू बघ. आतलं तुझं."

गिऱ्हाईक आलं म्हणून भांडण अर्धवट राहिलं. लॅपटॉप उचलून घरी आले.

मंगळवार, १२ मार्च

आतलं माझं! बसले सकाळपासून. कारकुनाला मोकळ्या वेळा सांगायला शिकवलं, मग खरी कसोटी. दोन माणसं एकाच क्षणी तीच वेळ मागतात — कोणाला द्यायची, दुसऱ्याला काय सांगायचं, आणि मधल्या मध्ये काही सांडू नये. तीनदा लिहिलं, तीनदा मोडलं. चौथ्यांदा बसलं. मग घरातला जुना लॅपटॉपही काढला, दोन काळे पडदे शेजारी शेजारी उघडले, एकावर मी, एकावर सासूबाई. "एक, दोन, तीन" म्हणून दोघींनी एकदम एंटर मारलं.

त्यांना अकरा मिळाले. मला आलं, 'अकराची वेळ आत्ताच गेली.'

"हरलीस!" सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. पुन्हा केलं. पुन्हा त्याच. सहा वेळा खेळलो. एकदाही दोघींना एकच वेळ मिळाली नाही. घड्याळंही आता एकच. पहाटे साडेपाचला कोणी पेशंट नाही.

नवरा दारात उभा राहून बघत होता. कधी आला कळलंच नाही. म्हणाला, "मला पण एक पडदा द्या."

बुधवार, १३ मार्च

पाठवलं.

पाठवताना शेवटी एक चौकोन. 'हे काम सर्वस्वी माझे स्वतःचे आहे.' खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी तो चौकोन बघत बसले. मग पेन्सिलला फोन लावला.

"काय करू?"

"काय करू म्हणजे? कर खूण. मला कुठे जायचंय? मला नकोय ती नोकरी."

"पण तुझं आहे ते."

"लीडबाई, तुम्ही माझ्या रजा मंजूर केल्यात. हा क्लायंट मी मंजूर करतो. टाका." मागे कोणीतरी फरशीचा भाव विचारत होतं. त्यानं फोन ठेवला.

माझा तो लाल ओळींचा क्लायंट होता शेजारीच. तो पाठवता आला असता. नाही पाठवला.

खूण केली. बटण दाबलं. 'धन्यवाद' आलं. सासूबाई म्हणाल्या, झालं का? म्हटलं, झालं. मग उगाच ओटा घासला. स्वच्छच होता.

शुक्रवार, १५ मार्च

काही नाही.

सोमवार, १८ मार्च

मुलाखतीला बोलावलं! गुरुवारी. ती दुधाच्या दातांची मुलगी म्हणाली, "मॅम, टीमला फारच आवडलंय तुमचं. स्पेशली तो क्लायंट."

स्पेशली तो क्लायंट.

नवऱ्यानं येताना केक आणला. मी म्हटलं, अजून काही मिळालं नाहीये. तो म्हणाला, "बोलावलं तर आहे." खूप दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं. माझा तुकडा मी सासूबाईंच्या बशीत सरकवला.

पेन्सिलला कळवलं. त्याचं उत्तर: अभिनंदन, आणि एक अंगठा.

गुरुवार, २१ मार्च

सगळं नीट लिहायचंय.

काचेची खोली. टेबलाच्या पलीकडे एक चष्मेवाली बाई, असेल पस्तिशीची, आणि एक माणूस जो शेवटपर्यंत अवाक्षर बोलला नाही, नुसता पेन फिरवत होता. आधी सर्व्हिस. दोघांनी एकच वेळ मागितली तर काय, हे बाईंनी विचारलं आणि मी सुटलेच! फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले, तीनदा कसं मोडलं तेही सांगितलं. सासूबाईंबरोबरची शर्यतही सांगितली. पेनवाला हसला. इतकं बरं वाटत होतं! वाटलं, ही मी आहे. मीटिंगा घेणारी ती नव्हे. ही.

मग बाईंनी लॅपटॉप वळवला. काळा पडदा. "आणि हे. आमच्या इथे हे सगळ्यांना दाखवलं मी. इतकी उत्तरं आली, सगळ्यांनी 'चूक, तारीख अवैध' लिहिलंय. तुम्ही एकट्यांनीच विचारलंय 'चालेल का?'" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे कसं सुचलं तुम्हाला?"

उत्तर तयार होतं. घरून ठरवून नेलं होतं. सासूबाई, परवा, सगळी हकिगत. आणि ती खोटी नव्हती! परवा लिहिलं होतंच त्यांनी. तेवढंच सांगायचं आणि पुढे जायचं. तोंड उघडलं. "माझ्या सासूबाईंनी..." इथपर्यंत बोलले.

आणि मला तो खोक्यांमध्ये उभा दिसला. खिडकी कुठल्या बाजूला आहे, बल्ब पिवळा की पांढरा.

"हे मला सुचलं नाही," म्हटलं. "हे मी लिहिलेलंच नाही. सर्व्हिस माझी, प्रत्येक ओळ. क्लायंट माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं लिहिलाय. माझा क्लायंट वेगळा होता, त्यावर सासूबाई घाबरून खोलीत जाऊन बसल्या."

पेन थांबलं.

"पण तुम्ही खूण केली होती," बाई म्हणाल्या. रागानं नाही. फॉर्म वाचावा तसं.

"हो. केली होती."

"तो सहकारी सध्या कुठे आहे?"

"टाइल्सच्या दुकानात." कुठलं दुकान, तेही सांगितलं. का सांगितलं काय माहीत. त्याचं काम कसं आहे, आमच्याकडे कुठले गोंधळ त्यानं निस्तरले, सगळं बोलत सुटले. जणू मी त्याचं वार्षिक मूल्यमापन करत होते. बाई काहीतरी टिपत होत्या. माझ्यासमोरचा लॅपटॉप त्यांनी मिटला. "थँक यू. कळवू."

बसस्टॉपवर बराच वेळ बसून राहिले. दोन बस सोडल्या.

शुक्रवार, २२ मार्च

घरी सांगितलं.

नवरा म्हणाला, "पण कोणी विचारलं होतं का तुला, हे दुसऱ्यानं लिहिलंय का म्हणून?"

"नाही."

"मग?"

मग काय? मला तरी कुठे माहीत आहे? तो चिडला नाही, तेच वाईट. चिडला असता तर भांडता आलं असतं. चप्पल घातली आणि लॅबमध्ये गेला. आज त्याला सुट्टी होती.

सासूबाई इतका वेळ पेपर धरून बसल्या होत्या. पेपर खाली केला. "मी अशा मुलांना उभं करायची," म्हणाल्या.

"कोणाला?"

"बाईंनी शाबासकी दिल्यावर जी म्हणायची, हे माझं नाही, हिचं आहे. उभं करून वर्गाला सांगायची, टाळ्या वाजवा." पेपर पुन्हा वर. "पण आधी कॉपी केल्याबद्दल एक छडी द्यायचीच."

हसावं की रडावं!

पेन्सिलला फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच. "वेड लागलंय का तुला? मला त्याचं काय लोणचं घालायचं होतं? हातातली नोकरी घालवलीस!" कधी नव्हे ते लीडबाई नाही, काही नाही. मग म्हणाला, "खरंच सगळ्यांना दाखवलं त्यांनी?"

"हो."

"काय म्हणाले?"

सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. 'चालेल का' वर काय म्हणाल्या ते त्यानं दोनदा विचारलं.

मंगळवार, २६ मार्च

फोन नाही, मेल नाही. क्लायंट पुन्हा लिहायला घेतलाय. माझा. पेन्सिलचा उघडायचा नाही असं ठरवलंय. कोणाला पाठवायचाही नाही.

बुधवार, २७ मार्च

उद्या आणि परवा कळतं. 'येत्या शनिवारी' लिहिलं की पुन्हा लाल. सासूबाई म्हणाल्या, "लाल कमी झालंय पण." हीच काय ती प्रगती.

शुक्रवार, २९ मार्च

नवऱ्याशी बोलले. रविवारचं मला माहीत आहे हे सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत होतं की तुला माहीत आहे. बरं वाटलं. या रविवारी तो घरी आहे.

सोमवार, १ एप्रिल

आज त्या मुलीला मीच फोन करणार होते. केला नाही. नाही म्हणायचं तर त्यांनी म्हणावं, मी कशाला आठवण करून देऊ?

मंगळवार, २ एप्रिल

फोन आला! त्याच मुलीचा. ओले हात घेऊन धावले. सासूबाईंनी रेडिओ बंद केला.

"मॅम, ते क्लायंट लिहिणारे सर आहेत ना, दुकानात फोन लागत नाहीये. त्यांचा मोबाइल नंबर मिळेल का?"

दिला. एकेक आकडा सुटा करून सांगितला. तिनं परत म्हणून दाखवला.

बरोबर होता.